उंच पिकअपचे ब्रेक

महोदय,
कापसाचा हंगाम आला की जालना-बीडकडे पिकअपला मागून जादा पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि मोठे टायर चढवायची चढाओढ लागते. 215/75 आर 15 मापाच्या टायरच्या जागी 235/75 टाकून गाडी उचलते जेमतेम 15 मिलिमीटर. मीटर 60 दाखवतो तेव्हा वेग मात्र साडेबासष्ट! खरा धोका मागच्या ब्रेकचा. लोडप्रमाणे दाब ठरवणारा व्हॉल्व्ह बऱ्याच गाड्यांत ॲक्सलला दांडीने जोडलेला असतो. जादा पाट्यांनी चासी उचलली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. दांडी नव्याने सेट करा, ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणत नाही ना ते पाहा. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घाला, 500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. हेडलाइटही खाली करून घ्या. आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.
– एक मेकॅनिक, जालना