संध्याकाळी कुलूपबंद राहणाऱ्या वर्गखोल्या

संपादक महोदय,
मुंबई महापालिकेची आर्थिक ओढाताण आणि मुदत ठेवींना लागलेली गळती यांविषयीच्या बातम्या वारंवार वाचनात येतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकातीसारखा हुकमी स्रोत संपला. त्याची भरपाई राज्य शासनाकडून मिळते, पण तो पैसा स्वतःच्या हातचा नव्हे. पुढे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट मिळाली. माझेही घर त्यांतलेच असल्याने त्याविषयी कुरकुर करण्याचा मला अधिकार नाही.

ही तंगी मान्य करूनच एक मागणी मांडतो. परळमधील आमचे मंडळ चाळीच्या तळमजल्यावरील एका खोलीत अभ्यासिका चालवते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असताना दहावीच्या मुलाने पुस्तक उघडायचे कुठे, या प्रश्नातून ती सुरू झाली. वर्गणी आणि गणेशोत्सवातील शिल्लक यांवर आजवर भागले. आता दुकानदारांचे हात आखडले आहेत, आणि चाळ पुनर्विकासाला जाणार असल्याने खोलीही सुटणार आहे. म्हणून जवळच्या पालिका शाळेतील दोन वर्गखोल्या सायंकाळी सहा ते दहा वापरू द्याव्यात, असा अर्ज आम्ही केला. पटसंख्या घटल्याने त्या दिवसाही रिकाम्याच असतात. चार टेबले फिरून आलेले तोंडी उत्तर होते, ‘सध्या निधी नाही.’ वास्तविक निधी आम्ही मागितलाच नव्हता! मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार होता, त्या काळात अशा अर्जाचा पाठपुरावा करायला हक्काचे माणूसही उरले नव्हते.

पालिकेची भीती अगदीच निराधार नाही. मंडळांना दिलेल्या जागांत मंडपाचे बांबू साठवले जातात किंवा पक्षाचे फलक लागतात, हे मीही पाहिले आहे. तेव्हा हजेरीपट ठेवावा, अधिकाऱ्यांनी न कळवता तपासणी करावी आणि गैरवापर आढळल्यास परवानगी त्याच दिवशी रद्द करावी. विजेचे बिल स्वतंत्र उपमीटरनुसार आम्ही भरू, साफसफाईही आम्हीच करू. त्या बदल्यात अनामत रक्कम माफ व्हावी, भाडे नाममात्र असावे आणि परवानगी दरवर्षी नव्याने मागावी न लागता एकदम तीन वर्षांसाठी मिळावी. २०२५-२६ साठी ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या पालिकेला यासाठी वेगळी तरतूद शोधावी लागणार नाही. विभाग पातळीवरील एका अधिकाऱ्याला निर्णयाचा अधिकार देणारे एक परिपत्रक पुरेल.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडतील, त्यापूर्वी आमच्या अर्जावर होय किंवा नाही एवढे तरी लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
अभ्यासिकेचा एक कार्यकर्ता, परळ, मुंबई