हयात असल्याबद्दल क्षमस्व

प्रति,
मा. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

आपण कामात असाल म्हणून थोडक्यात लिहितो. मी ७१ वर्षांचा निवृत्त बाइंडर, मुक्काम शनिवार पेठ, पुणे. माझी १,९४० रुपयांची पेन्शन सहा महिने बंद आहे, कारण हयातीच्या दाखल्यासाठी आधारच्या यंत्रावर माझ्या बोटांचे ठसे उठत नाहीत. गेल्या वर्षी आमच्याकडे शिबिर झालं, तेव्हा साहेब माइकवरून म्हणाले होते की ठशांसाठी एकाही म्हाताऱ्याला परत पाठवणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला परत हव्यात.

परवा मंगळवारी केंद्रावर चौथ्यांदा गेलो. टोकन ४१. काचेवर बोट ठेवलं, लाल दिवा. यंत्रावरचा पोरगा म्हणाला, "काका, बोट कपाळावर घासा, तेल लागतं." घासलं. लाल. "केसांतून फिरवा." केस कुठून आणू? मग ओला रुमाल, मग दाहीच्या दाही बोटं. मागच्या बाई म्हणाल्या, "लिंबू लावा भाऊ, आमच्यांना लागू पडलं." शेवटी पोरगा स्क्रीनकडे बघतच बोलला, "तुम्हाला बोटंच नाहीयेत काका." त्यापेक्षा शिवी दिली असती तर चाललं असतं.

बोटं कुठे गेली ते सांगतो. सेहेचाळीस वर्षं फर्मे मोडले, म्हणजे पुस्तकांच्या छापील कागदांना घड्या घातल्या. घडी हाडाच्या पट्टीने दाबतात, पण ती बरोबर बसली का ते अंगठ्यालाच कळतं. वाळवी लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, त्याने कातडी सोलवटते. जून आला की रात्रपाळी. अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं घेऊन जी पोरं इंजिनिअर झाली, त्यांतली काही तुमच्या खात्यात असतील. त्यांची पुस्तकं याच अंगठ्याखालून गेली. आता त्यांचं यंत्र अंगठा ओळखत नाही.

चेहऱ्यावरूनही होतं म्हणाले. मोबाइल समोर धरला, "डोळे मिचकवा." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊच दिवस झालेत, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. दुसराच तेवढा मिचकावला. यंत्राला भलतंच वाटलं असावं.

माझा भाचा कॉम्प्युटरवाला. तो सांगतो, आधार नंबरच्या १२ आकड्यांपैकी पहिले ११ वाटेल तसे पडतात. त्यांत गाव नाही, जात नाही, वय नाही. सुरुवात ० किंवा १ ने होत नाही. बारावा आकडा मात्र आधीच्या अकरांवरून काढतात, व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञाच्या रीतीने. एक आकडा चुकला, नाहीतर शेजारचे दोन उलटे पडले, की लगेच पकडलं जातं. वा! नंबर चुकू नये म्हणून केवढी काळजी. माणूस चुकून 'खोटा' ठरला तर पकडायला तेरावा आकडा नाही. नोंदणीच्या वेळी माझे ठसे सगळ्यांच्या ठशांशी ताडून बघितले, दुबार नको म्हणून. त्यानंतर यंत्र फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणतं. 'नीट दिसत नाही' असं ते म्हणत नाही, 'हा तो नव्हे' म्हणतं.

आणि मी एकटा नाही हो. सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात ओळख न पटण्याचं प्रमाण झारखंडात ४९ टक्के आणि राजस्थानात ३७ टक्के छापलंय. आता सुधारलं असेल म्हणाल. मंगळवारी दोन तासांत माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे एका डोळ्यादेखत, नऊ जण परत गेले. देशात १३० कोटींहून जास्त आधार. शंभरात दोन धरा, अडीच कोटींच्या वर माणसं होतात. हिशेब माझा आहे, चुकला असेल तर तुमचा सांगा.

२०१६ च्या तुमच्याच नियमांत लिहिलंय की ठसे जुळले नाहीत तर ओळख पटवायची पर्यायी सोय ठेवली पाहिजे. बँकेत विचारलं, तर साहेब म्हणाले, "सिस्टीममध्ये ऑप्शन नाही. राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणून बघा." नंदुरबारच्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० ला पहिलं आधार दिलं, खुद्द पंतप्रधान आले होते. टीव्हीवर बघून मी बायकोला म्हणालो होतो, आता सहीसाठी कुणाच्या दारात हिंडायला नको.

जन्मतारखेची वेगळीच गंमत. शाळेत गुरुजींनी १ जून लावली, आमच्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र १ जूनलाच जन्मला. आधारवाल्याने नुसतं साल विचारलं आणि १ जानेवारी टाकली. दुरुस्ती एकदाच करता येते. कार्डावर छापलंय की हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. मान्य. पण ओळखीचा तरी आहे का? रेशनला तेच, गॅसला तेच, पॅनला जोडायला उशीर झाला तर १,००० रुपये भरा. तुमचा उशीर झाला तर? सहा महिन्यांचं शुल्क कुठे भरता? मत मागायला येता तेव्हा बरं ओळखता मला, नावानिशी, काका म्हणून. तेव्हा कुणी अंगठा मागत नाही.

मागणी एकच. प्रत्येक केंद्रात एक कागदी फॉर्म ठेवा आणि तिथल्या माणसाला लिहिण्याचा अधिकार द्या, 'हा माणूस समोर उभा आहे.'

आपला,
(अजून) हयात असलेला एक बाइंडर
शनिवार पेठ, पुणे

ता. क. गुरुवारी परत बोलावलंय. लिंबू घरूनच घेऊन या म्हणालेत.