तिकीट ऑक्टोबरचं काढूया, बाबांसाठी एक मॅच आहे

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. परवा फोनवर तिकिटाचा विषय निघाला आणि आई म्हणाली मे महिन्यातच येऊ, तिकडं अमेरिकेत तेव्हा थंडी नसते, सगळे मे मध्येच जातात. मी तेव्हा काही बोलले नाही कारण फोनवर मला तुमच्या दोघांसमोर मुद्देसूद बोलता येत नाही, बाबा मध्येच स्पीकर बंद करतात आणि आई मध्येच कुकर बंद करायला जाते. म्हणून बसून लिहितेय. माझं म्हणणं असं की माझ्याकडे पिट्सबर्गला ऑक्टोबरला या. झाडं लाल-पिवळी होतात ते आहेच, ते व्हॉट्सअॅपवर सगळ्यांनी पाठवून झालंय, पण माझं खरं कारण १३ ऑक्टोबर आहे आणि ते मुख्यतः बाबांसाठी आहे.

बाबा, तुम्ही हसाल. बेसबॉल म्हणजे तुमच्या मते सोटा फिरवायचा खेळ. पण माझ्या घरापासून बसने थोडं गेलं की ओकलंड नावाचा भाग लागतो, तिथं युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग आहे, आणि तिच्या कडेला विटांची एक जुनी भिंत उभी आहे, वेल चढलेली. पूर्वी तिथं फोर्ब्स फील्ड नावाचं स्टेडियम होतं, १९०९ चं, ते १९७० ला बंद झालं, नंतर पाडलं, भिंतीचा तुकडा तेवढा राहिला. तर दर १३ ऑक्टोबरला दुपारी लोक घरून फोल्डिंगच्या खुर्च्या घेऊन त्या भिंतीपाशी येऊन बसतात आणि १९६० सालच्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या फायनलच्या, शेवटच्या मॅचची रेडिओ कॉमेंट्री लावतात. पहिल्या बॉलपासून शेवटपर्यंत सगळी. निकाल शेंबड्या पोराला पण माहीत, तरी लोक आउट झालं की चुकचुकतात, रन निघाला की टाळ्या वाजवतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तुमच्याशिवाय दुसरं कोणी आठवलंच नाही. ओव्हल १९७१, चंद्रशेखर ३८ रनांत ६, इंग्लंड १०१ ला खलास, हे तुम्ही मला किती वेळा बॉल टू बॉल ऐकवलंय, आणि अबिद अलीच्या शेवटच्या शॉटला दर वेळी आवाज तितकाच चढतो. तुमच्यासारखेच लोक आहेत हे, फक्त टोप्या वेगळ्या.

आता ती मॅच काय होती ते सांगते, म्हणजे तुम्ही तयारीनिशी याल.

पिट्सबर्ग तेव्हा पोलादाचं गाव होतं, गिरणीच्या भोंग्यावर चालणारं गाव काय असतं ते सोलापूरकराला काय सांगायचं. १९५९ ला देशभरातल्या स्टील कामगारांचा ११६ दिवस संप झाला, त्याची झळ इथं घरोघरी बसली होती. आणि गावची बेसबॉल टीम पण तशीच, पायरेट्स, म्हणजे वर्षानुवर्षं तळाला. १९५२ ला तर ११२ मॅच हरले, जिंकले ४२. लीग जिंकली होती ती थेट १९२७ ला. तर १९६० चा सीझन एप्रिलमध्ये सुरू झाला आणि ईस्टरच्या रविवारी सिनसिनाटीबरोबर डबलहेडर होतं, म्हणजे एकाच दिवशी दोन मॅच. दुसऱ्या मॅचमध्ये शेवटच्या, म्हणजे नवव्या इनिंगला (बेसबॉलला दोन्ही टीमना आलटून पालटून नऊ इनिंग मिळतात) हे ०-५ नी मागे. निम्मं पब्लिक उठून गेलं असेल, मी तर नक्की गेले असते. त्या एका इनिंगला यांनी ६ रन काढून मॅच मारली. नंतर तेच व्यसन लागल्यासारखं वर्षभर चालू, हरत आलेली मॅच शेवटी शेवटी फिरवायची. त्या वर्षी १७ लाखांवर लोक ग्राउंडवर येऊन गेले. शेवटी ९५ जिंकले, ५९ हरले, आणि सप्टेंबरमध्ये लीग खिशात.

मॅनेजर होता डॅनी मर्टॉ, शांत माणूस. कॅप्टन डिक ग्रोट, शॉर्टस्टॉपला खेळायचा, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये फील्डिंगला, सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच्या मनगटावर बॉल बसून हाड मोडलं तरी अॅव्हरेजमध्ये तोच पहिला आला, .३२५, म्हणजे हजारात ३२५ वेळा हिट. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, व्हर्न लॉ, त्याला सगळे डीकन म्हणायचे कारण तो खरोखरच धार्मिक, दारूला न शिवणारा. आई, ह्याची गोष्ट तुझ्यासाठी. लीग जिंकल्याच्या धिंगाण्यात टीमच्याच कोणीतरी गमतीत त्याचा बूट पायातून खेचला आणि घोटा मुरगळला. ज्याने थेंब घेतला नाही त्यालाच दुसऱ्यांच्या जल्लोषाचा प्रसाद! तशाच पायाने तो पुढे वर्ल्ड सिरीजच्या तीन मॅच खेळला, पाय वाचवत बॉल टाकायला लागला म्हणून खांद्यावर ताण आला आणि पुढची काही वर्षं त्याच्या हाताने त्याला छळलं.

आणि रोबेर्तो क्लेमेंटे. हा पोर्तो रिकोचा, स्पॅनिश बोलणारा, काळा. इथले पेपरवाले त्याचं इंग्लिश जसं तो उच्चारायचा तसंच्या तसं वाकडं स्पेलिंग करून छापायचे, आणि नावाचं परस्पर बॉब करून टाकलेलं, त्याला ते अजिबात आवडायचं नाही. सीझनआधीचा कॅम्प फ्लोरिडात असायचा, तिथं काळ्या खेळाडूंना टीमच्या हॉटेलात जागा नाही, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला काळ्या कुटुंबांच्या घरी राहायचे. त्या १९६० च्या सीझनला त्याने .३१४ मारलं, टीममध्ये सगळ्यात जास्त रन त्याच्या बॅटमुळे आले, ९४, आणि वर्षाचा बेस्ट खेळाडू निवडायला पत्रकारांनी मतं दिली त्यात हा आठवा. पहिला ग्रोट, दुसरा पण त्यांच्याच टीमचा डॉन होक. पहिला नंबर ग्रोटला द्या, माझं काही म्हणणं नाही, पण आठवा? क्लेमेंटेच्या ते जिव्हारी लागलं. भिंतीपाशी बसणारे जुने लोक त्याचं नाव आता देवासारखं घेतात (१९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेलं विमान समुद्रात पडलं, त्यात तो गेला), त्या रस्त्याला पण त्याचंच नाव आहे. पण मला त्या आठव्या नंबरचा राग येतो तो येतोच. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं वाक्य संपायच्या आत कोणी माझा उच्चार दुरुस्त केला की मला हटकून क्लेमेंटे आठवतो.

वर्ल्ड सिरीज दुसऱ्या लीगच्या विजेत्यांबरोबर, न्यूयॉर्क यांकीजबरोबर, मिकी मँटल, योगी बेरा, रॉजर मॅरिस, सगळी दादा मंडळी. सात मॅच, जो चार जिंकेल तो चॅम्पियन. बाबा आता नीट वाचा, हे गणित तुम्हाला आवडेल. यांकीज ज्या तीन मॅच जिंकले त्यांचे स्कोअर १६-३, १०-०, १२-०, म्हणजे शब्दशः धुतलं. पायरेट्स जिंकले त्या सहा-चार, तीन-दोन, पाच-दोन असल्या. सगळ्या सिरीजचे रन मिळवले तर यांकीज ५५, पायरेट्स २७. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त रन करून यांकीज हरले! इथं नेट रन रेट असता तर पायरेट्स केव्हाच घरी गेले असते. वर सिरीजचा बेस्ट खेळाडू हरलेल्या टीमचा, बॉबी रिचर्डसन.

सातवी मॅच १३ ऑक्टोबरला, गुरुवार, दुपारी, फोर्ब्स फील्डवर. पायरेट्स आधी ४-० पुढे, मग बेराच्या तीन रनांच्या होमरनने (बॉल थेट भिंतीपलीकडे, आपल्या सिक्ससारखा) यांकीज ५-४, मग ७-४. आठव्या इनिंगला पायरेट्सच्या व्हर्डनने एक साधा जमिनीवरून बॉल मारला, सरळ शॉर्टस्टॉप टोनी क्युबेकच्या हातात जाणारा, दोन आउट होणार हे दिसत होतं, पण कसलासा खडा नाहीतर ढेकूळ मध्ये आलं आणि बॉल उसळून क्युबेकच्या गळ्यावर बसला. तो खाली कोसळला, त्याला न्यावं लागलं. तिथून सगळं फिरलं. क्लेमेंटेने पहिल्या बेसच्या बाजूला एक लुळा बॉल मारला, यांकीजचा पिचर बेस कव्हर करायला पोचलाच नाही, हा जिवाच्या आकांताने पळून सेफ, ७-६. आणि मग हॅल स्मिथचा होमरन, ९-७. हा बिचारा हिरो झाला असता, दहाएक मिनिटं होता पण. नवव्या इनिंगला यांकीजनी दोन काढून ९-९ केलं.

पायरेट्सची शेवटची बॅटिंग, समोर पिचर राल्फ टेरी, बॅटवर बिल मॅझेरोस्की, खाणकामगाराचा मुलगा, वय २४, नावाजलेला तो फील्डिंगसाठी, होमरनवाला म्हणून नव्हे. दुसराच बॉल डाव्या बाजूच्या भिंतीवरून बाहेर, ४०६ फुटांची पाटी होती तिथून. लेफ्ट फील्डला योगी बेरा उभा, तो नुसता मागे वळून बघत राहिला. दुपारचे ३ वाजून ३६ मिनिटं. मॅझ टोपी फिरवत पळतोय आणि शेवटच्या बेसपर्यंत पोचायच्या आत पब्लिक मैदानात. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचचा शेवट होमरनने करणारा तो एकटाच. रेडिओवर कॉमेंट्रीला चक थॉम्पसन होता, तो इतका हलला की पिचरचं नावच चुकीचं सांगितलं, आणि भिंतीपाशी ती चूक येते तेव्हा सगळे आधीच हसायला लागतात, वर्षानुवर्षं ऐकून पाठ आहे. तिथं टेप अशी वेळेवर लावतात की होमरन बरोबर ३:३६ ला पडतो.

अजून एक किस्सा, हा बाबांच्या खुर्चीसाठी. मॅच चालू असताना जो जिथं बसलाय त्याने तिथून हलायचं नाही हा आपल्या घरचा कायदा ना? बिंग क्रॉस्बी, तो मोठा गायक-नट, तो ह्या टीमचा एक मालक होता. त्याला इतकं टेन्शन की मी बघितली तर हरतील म्हणून पॅरिसला निघून गेला आणि तिथं रेडिओवर ऐकली! पण जाताना टीव्हीवरून फिल्म काढून ठेवायची व्यवस्था करून गेला. ती रिळं त्याच्या कॅलिफोर्नियातल्या घरी वाइनच्या तळघरात पडून राहिली आणि २००९ ला सापडली. तोवर ती अख्खी मॅच कोणाकडेच नव्हती, टीव्हीवाल्यांकडे पण नाही.

तर आई, मला माहितीये तू काय म्हणणार. १३ ऑक्टोबर म्हणजे नवरात्राच्या आसपास, घट कोण बसवणार. मी बसवेन इथं, माती आणि धान्य सगळं मिळतं, तू फक्त कसं पेरायचं ते शेजारी बसून सांग. पेन हिल्सला बालाजीचं मोठं देऊळ आहे, तिथं नेईन. युनिव्हर्सिटीच्या उंच बिल्डिंगमध्ये नालंदाच्या धर्तीवर बांधलेली भारतीय वर्गाची एक खोली आहे, ती पण तुला बघायचीये, आणि ती भिंतीपासून पायी पाच-दहा मिनिटांवर आहे, म्हणजे बाबा मॅच ऐकतील तोवर आपण दोघी तिकडं जाऊन येऊ. कोजागिरीला तुळजापूरला चालत जायचं मात्र यंदा राहील, त्याला माझ्याकडे उपाय नाही, आणि गुडघ्याचे डॉक्टर नाहीतरी नको म्हणालेतच.

बाबा, तुम्ही एवढं करा, दोघांच्या पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं नीट उजेडात फोटो काढून पाठवा, मागच्या वेळेसारखा अंगठा मध्ये नको. सप्टेंबरच्या शेवटी निघून ऑक्टोबरभर इथं राहायची तिकिटं आत्ता बरी आहेत, थांबलो तर वाढतील. कानटोपी आणा, तिथं उघड्यावर अडीच तास बसायचंय. थर्मासमध्ये चहा मी नेईन.

तुमची,
मनू