आधी रियाझाच्या खोल्या

एडिंबरा, रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, कॉलेजने संगीत विभागाच्या नव्या इमारतीसाठी तुमचं मत मागवलं हे ऐकून फार बरं वाटलं. पण कमिटीतली सगळी चर्चा सभागृहाभोवतीच फिरतेय म्हणालात, ते काही डोक्यातून जात नाही. फोनवर आवाज तुटत होता, म्हणून सविस्तर लिहिते. सभागृह सावकाश होऊ दे. आधी रियाझाच्या खोल्या बांधून घ्या.

मैफल काय, कुठेही होते. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ आपल्या मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी सभा होते ती उघड्या आवारात, आणि गाणारे जीव ओतून गातात. पण एकच पलटा, म्हणजे सुरांचा ठरावीक क्रम, तासभर घोटायचा असेल तर चार भिंती आणि बंद होणारं दार लागतं. विद्यार्थी मंचावर वर्षातून दोनदा चढेल, रियाझ मात्र रोजचा. तुमची मुलं जिन्याखाली, सायकल स्टँडमागे तंबोरा लावून बसायची, ते मी पाहिलंय.

इथला रीड हॉल आता मैफलींसाठी ओळखला जातो. जनरल जॉन रीड या फौजी माणसाने संगीताच्या प्राध्यापकपदासाठी विद्यापीठाच्या नावे इस्टेट ठेवली. वर्षाला एक मैफल व्हावी आणि तिची सुरुवात आपल्याच रचनेने व्हावी, अशी अटही घातली! पण त्या पैशातून प्रा. जॉन डोनाल्डसन यांच्या काळात, १८५९ साली ही वास्तू उभी राहिली ती संगीताचा वर्ग म्हणून; वाद्यसंग्रहाची सोयही तिथेच होती. म्हणजे शिकवणं आधी, मैफल मागून. कमिटीला हा दाखला जरूर द्या.

आता खोली कशी असावी ते. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळेना, इतका आवाज घुमायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा, एकेक वाढवत घुमारा, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, मोजायचा आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायचा. त्याच्या मोजणीचं माप होतं उघडी खिडकी: तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. गादी, सतरंजी, माणूस, सगळं त्याने उघड्या खिडकीच्या हिशोबात मांडलं. त्यातून निघालेलं सूत्र आम्ही ध्वनिशास्त्राचे विद्यार्थी आजही पहिल्या आठवड्यात शिकतो.

ते सूत्र तुमच्या जुन्या वर्गाला लावून पाहिलं. पाच मीटर बाय चार, उंची तीन, शहाबादी फरशी, नुसता गिलावा. खोली रिकामी, खिडक्या बंद, तर ढोबळ मानाने घुमारा तीन सेकंदांच्या वर जातो. रियाझाला अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा. जास्त घुमलं की सूर गोड लागतो, पण किंचित उतरलेला निषाद त्यात लपतो. आणि अगदीच कोरडी खोली असेल तर मुलं उगाच जोर लावून गातात, गळा बसतो. म्हणून मधला मार्ग: खाली जाड सतरंजी, दोन भिंतींवर कापडाने मढवलेले काथ्याचे किंवा लोकरीचे जाड तक्ते, पुस्तकांचं कपाट. समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एक जराशी तिरकी बांधता आली तर उत्तम, नाहीतर टाळीसरशी आवाज दोन्हींमध्ये फडफडत राहतो.

शेजारच्या खोलीतला आवाज अडवायला आपली नऊ इंची विटेची भिंत छान काम देते, त्यात काटकसर करून पातळ पार्टिशन घालू देऊ नका. चोर असतो तो दरवाजा. खालची फट बोटभर जरी राहिली तरी भिंतीवरचा सगळा खर्च वाया. भरीव लाकडी दार, चारी बाजूंनी रबरी पट्टी आणि समोरासमोर दोन दारं नकोत. तबल्याच्या खोल्या तळमजल्यावर, टोकाला. वर पत्रा तर मुळीच नको. पावसाळ्यात चार महिने वर्ग बंद पडेल.

आई, दोन गोष्टी तू लावून धर. प्रत्येक दाराला डोळ्यांच्या उंचीवर काचेची उभी पट्टी हवी. आत कोण आहे ते बाहेरून दिसलं पाहिजे, संध्याकाळी मुली एकट्या बसतात आणि शिकवणीही एकास एक असते. दुसरं, तंबोऱ्यांना ओल न लागणारं, जमिनीपासून वर उचललेलं कपाट. मिरजेच्या कारागिराने केलेला भोपळा बाहेरच्या भिंतीला टेकून पावसाळा काढतो, हे मला बघवत नाही.

सभागृहाला देणगीदार मिळतात, नावाची पाटी लागते, हे मला कळतं. मग प्रत्येक खोलीलाही पाटी लावू द्या की! सहा खोल्यांना सहा नावं. हे ऐकून कदाचित कमिटी तयार होईल.

आर्किटेक्टने नकाशा दिला की फोटो काढून लगेच पाठवा, मापं नीट दिसतील असा. पुढच्या बैठकीआधी मी प्रत्येक खोलीचा हिशोब करून देते. आईच्या गुडघ्याचं औषध चालू आहे ना, तेही कळवा.

तुमची,
मनू