वॉटर पार्क बंद झालं, पोरं पाण्यात जायची थांबणार नाहीत : समस्त गावकऱ्यांना आवाहन

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या आणि गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यानिमित्त परराज्यात गेलेल्या आपल्या सगळ्या माणसांना तरुण मंडळाचा नमस्कार.

हायवेकडेचं वॉटर पार्क कायमचं बंद झालं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पाण्याच्या टाक्यांचा लोखंडी सांगाडा भंगारात गेला. फायबरच्या निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या कुंपणाला टेकून उलट्या पडल्यात. लाटांच्या तळ्यात घोटाभर पावसाचं पाणी साचलंय, त्यात बाभळीचा पाला. २००१ साली ते सुरू झालं तेव्हा आमच्यातले बरेच जण प्राथमिक शाळेत होतो. शाळेची सहल, मामाकडं आलेली पाव्हण्यांची पोरं, कॉलेजची गॅदरिंग झाल्यावरची धमाल, सगळं तिथंच झालं.

मालकांना बोल लावायला हे लिहीत नाही. धंदा होता तीन महिन्यांचा, पण पंप, फिल्टर आणि विजेचं बिल बारा महिने. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा पार्कची मोटर-खोली गाळानं भरली. ती दुरुस्त होते न होते तोच २०२० आणि २०२१ असे दोन उन्हाळे कोरोनात गेले. त्यातच २०२१ च्या जुलैत परत पूर आला. एवढं झाल्यावरही त्यांनी काही वर्षं रेटलं, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या पार्कमुळं गावाला एक गोष्ट फुकटात मिळत होती. ती जाईपर्यंत आमच्याही ध्यानात आली नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपली शे-सव्वाशे पोरं दुपारभर अशा पाण्यात असायची, जिथं कडेला शिट्टी घेतलेला माणूस उभा होता. आपल्या गल्लीतला एक जण तिथं लाटांच्या तळ्यावर अकरा वर्षं उभा राहिला. त्याच्याशी बोलायला गेलं तर तो मान वळवायचा नाही, पाण्याकडं बघतच उत्तर द्यायचा. आता तो साखर कारखान्यावर हमालीला जातो. आणि पोरं कुठं जातात? नदीला, विहिरीला, शेततळ्याला.

नदीचं वेगळं सांगायला नको. भिलवडीपासून खाली सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. उन्हाळ्यात पाणी आटलं की माणूस आणि मगर एकाच डोहात येतात. जिथं वाळू उपसलीय तिथं गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट दोन पुरुष खोल जातं. आपल्या आजोबांच्या वेळची नदी आता राहिली नाही, हे पोरांना कितीही सांगितलं तरी ऊन तापल्यावर त्यांच्या कानात शिरत नाही.

शेततळ्याचं मात्र सांगायलाच हवं. ते नदीपेक्षाही फसवं आहे. बघायला चौकोनी, स्वच्छ, शांत. ना वाहतं पाणी, ना भोवरा. पण आत अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद उतरता असतो आणि त्यावर शेवाळ धरतं. पडलेल्याला दहा फुटांवर काठ दिसतो, पण हाताला धरायला काहीच नाही. पोहता येणारा माणूससुद्धा त्या कागदावर घसरून-घसरून दमतो. मागच्या मे महिन्यात आपल्याच शिवारात सातवीतला एक मुलगा असा अडकला. शेजारच्या रानात भांगलणाऱ्या एका मावशींनी त्याचा आवाज ऐकला. मावशींना पोहता येत नाही. त्यांनी बांधावर पडलेली ठिबकच्या नळीची गुंडाळी उचलली, एक टोक कमरेला वेढलं आणि गुंडाळी पाण्यात फेकली. पोरगं वाचलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथं गेलो तेव्हा कागदावरच्या शेवाळात त्याच्या बोटांच्या रेघा तशाच होत्या. पाण्यापासून वर हातभर, मग परत खाली. शेजारी दुसऱ्या रेघा, त्याही तशाच.

देशात दरवर्षी ३५ हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. आकडा वाचून माणूस पान उलटतो. आम्हाला त्या रेघा बघून झोप लागली नाही, म्हणून हे आवाहन.

मंडळानं ठरवलंय ते असं. पहिलं काम शेततळ्यांचं. आपल्या शिवारात आम्ही फिरून ३८ शेततळी मोजली. प्रत्येक तळ्याच्या चारही बाजूंना दीड-दीड फुटावर गाठ मारलेला नायलॉनचा दोर सोडायचा, वरचं टोक पक्क्या खुंटाला बांधायचं आणि पाण्यावर एक हवा भरलेली ट्यूब तरंगत ठेवायची. तळ्याच्या मालकाला यात एक रुपयाही घालायचा नाही, फक्त परवानगी हवी. काही जणांना वाटतं, दोर बांधला तर पोरांना पोहायला बोलावणंच झालं. पोरं तशीही येतात, दादा. आणि जनावर पडलं, फवारणीचं पाणी घेताना गडी घसरला, तरी तोच दोर उपयोगी पडेल.

दुसरं काम पोहायला शिकवायचं. ओढ्याकाठची पायऱ्यांची विहीर मालकांनी दोन महिन्यांसाठी मोठ्या मनानं द्यायचं कबूल केलंय. सकाळी सात ते दहा या वेळात विहिरीवरची मोटार बंद राहील. नुसता स्टार्टर पाडून भागत नाही, फ्यूज काढून मंडळाच्या माणसाच्या खिशात ठेवायच्या, असं ठरलंय, कारण पाण्यात उतरलेल्या विजेला पोहणारा आणि न पोहणारा सारखाच. पार्कवरचे दोन जीवरक्षक शिकवायला आणि नजर ठेवायला येणार आहेत. एका वेळी पाण्यात दहाच्या वर पोरं नाहीत. शिकवायची पद्धत आपली जुनीच. वाळलेले भोपळे किंवा पांगाऱ्याचे ओंडके आता मिळत नाहीत, त्यांच्या जागी पाठीला पाच लिटरचा रिकामा तेलाचा डबा. चार दिवसांनी डबा लहान, आठवड्यानं डबा सुटला. काठावर नवख्या पोरांना जॅकेट सक्तीचं. मुटका मारायची, म्हणजे गुडघे आवळून उडी टाकायची, परवानगी शेवटच्या आठवड्यात, तीही नाव पुकारल्यावर.

मंगळवार आणि शुक्रवार फक्त मुली आणि बायांसाठी. पार्कात मंगळवार बायकांचा असायचा, त्या एका दिवसासाठी आसपासच्या वाड्यांवरून ट्रॅक्टर भरून बाया यायच्या. मुलं कुठंतरी, कशीतरी पोहायला शिकतात. मुलींना मात्र त्या मंगळवारखेरीज पाण्यात उतरायची जागाच नव्हती. धुण्याला, पाणी शेंदायला विहिरीच्या काठावर उभं राहायचं त्यांनीच, आणि पोहायला येत नाही तेही त्यांनाच. नदीकाठच्या ज्या आज्यांना, काकूंना पोहता येतं, त्यांनी या दोन दिवसांत येऊन बसावं, एवढीच विनंती. तुम्ही काठावर दिसलात तर आया पोरींना पाठवतील. कपडे कुठले घालायचे यावरून कुणालाही अडवलं जाणार नाही, पंजाबी ड्रेसवरही शिकता येतं.

तिसरं काम एका दिवसाचं आहे, पण मोठ्या माणसांसाठी. बुडणाऱ्याला वाचवायला मागून उडी टाकणारा बाप, भाऊ, मित्र, असे दोघं-दोघं जातात. उडी टाकायच्या आधी काठी, दोर, साडी, जे हाताला येईल ते कसं फेकायचं, हे जीवरक्षक दाखवतील. बाहेर काढलेल्याला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात हातातली मिनिटं जातात. त्याला श्वास हवा असतो. तोंडानं श्वास कसा द्यायचा, छाती कशी दाबायची आणि दुसऱ्यानं तेवढ्यात १०८ ला फोन कसा करायचा, हे एकदा हातानं करून बघा.

खर्चाचं सरळ सांगतो. दोन जीवरक्षकांना ६० दिवस, रोज ५०० रुपयांप्रमाणे ६० हजार. हा त्यांचा मान नव्हे, मजुरी आहे. हमाली सोडून ते येणार आहेत, त्यांना फुकटात राबवणं आम्हाला पटत नाही. दोर आणि खुंटांना ३८ हजार. लहान-मोठ्या मापाच्या २० जॅकेटांना १८ हजार. एकूण १ लाख १६ हजार. मंडळानं यंदा गणपतीत डॉल्बी लावायची नाही असं ठरवलंय, त्यातले ३० हजार आजच बाजूला काढलेत. उरले ८६ हजार, ते तुमच्याकडं मागतो आहोत.

कुणी एका तळ्याच्या चार दोरांचे १००० रुपये द्यावेत, कुणी एका जीवरक्षकाची एका दिवसाची मजुरी. आईवडिलांच्या स्मरणार्थ देणाऱ्यांचं नाव चावडीच्या फळ्यावर लागेल. दहा रुपये दिले तरी पावती मिळेल. गलाईवाल्या बंधूंनो, देवळाच्या शिखराला, शाळेच्या खोल्यांना तुम्ही नेहमीच सढळ हात लावला, हे गाव विसरलेलं नाही. यात्रेला याल तेव्हा पोरांना घेऊन विहिरीवर या, तुमचे पैसे कुठं गेले ते डोळ्यांनी बघा.

पैसे नसतील तर वस्तू द्या. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या जुन्या ट्यूब हव्या आहेत, पंक्चर असल्या तरी चालतील, दुकानदार मित्र त्या फुकट काढून देणार आहे. झाकणासकट पाच लिटरचे रिकामे तेलाचे डबे प्रत्येक घरात असतील. औषधाचे, तणनाशकाचे डबे मात्र धुऊनसुद्धा आणू नका.

आपल्याच जिल्ह्यातल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी लढाईत गोळ्या लागून अपंगत्व आल्यावर पोहण्याचा ध्यास घेतला आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. आपल्या विहिरीतून असं कुणी निघालं तर आनंदच आहे, पण आम्ही पदकासाठी मागत नाही. सुट्टी संपून शाळा भरेल तेव्हा हजेरीत सगळी नावं असावीत, एवढ्यासाठी मागतो.

देणगी ग्रंथालयाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सहा ते आठ या वेळात घेतली जाईल. जमा-खर्च दर रविवारी चावडीवर लागेल. शेततळं असलेल्या शेतकऱ्यांनी गट नंबर आणि तळ्याचं माप तिथंच लिहून द्यावं. पहिले दोर येत्या रविवारी सकाळी साडेसातला, त्या मावशींनी नळी फेकली त्याच तळ्यावर बांधायचे आहेत. पहिली गाठ त्याच मारणार आहेत. येताना पहार आणि हातोडा आणा, खुंट ठोकायला माणसं कमी पडतील.