भूकंपांच्या जुन्या नोंदी जपल्या जाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्राच्या तापमानवाढीच्या बातम्यांत उपग्रह आणि समुद्रात सोडलेल्या, पाण्याचे तापमान मोजणाऱ्या ‘अर्गो’ तरंगकांचा उल्लेख हमखास येतो, पण भूकंपाच्या आवाजावरून हीच वाढ मोजता येते याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

मी भौतिकशास्त्र शिकवीत असे. अनुनाद नळीच्या प्रयोगात खोलीचे तापमान टिपायचे राहिले, तर मी जर्नल तपासायला घेत नसे, कारण ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो. समुद्रातही पाणी एका अंशाने तापले की हा वेग सेकंदाला सुमारे चार मीटरने वाढतो. सुमात्राजवळच्या नियास बेटालगत ठरावीक जागी पुन्हा पुन्हा भूकंप होतात आणि त्यांचा आवाज पाण्यातून सुमारे ३,००० किलोमीटर दूर हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटापर्यंत अर्ध्या तासात पोहोचतो आणि तिथल्या भूकंपमापकावर उमटतो. जागा तीच आणि वाटही तीच असताना नंतरच्या भूकंपाचा आवाज थोडा आधी पोहोचला, तर वाटेतले पाणी तापले आहे, हे उघड आहे. हा फरक सेकंदाच्या दशांशांत मोजावा लागतो. २००५ ते २०१६ या काळातील एकाच जागच्या भूकंपांच्या अशा दोन हजारांवर जोड्या तपासून संशोधक वेन्बो वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जो निष्कर्ष मांडला, त्यानुसार पूर्व हिंदी महासागराचा हा पट्टा दर दशकाला सुमारे ०.०४४ अंशाने तापला. तरंगकांच्या मोजणीतून आलेला आकडा ०.०२६ होता.

ध्वनीने समुद्राचे तापमान मोजण्याची कल्पना समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि कार्ल वुन्श यांनी १९७९ मध्येच मांडली होती; १९९१ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटाजवळ त्यासाठी पाण्यात मुद्दाम मोठा आवाज सोडून पाहण्यात आला. मात्र अशा आवाजाने देवमाशांना त्रास होईल ही शंका पुढे आडवी आली, आणि ती गैर नव्हती. भूकंपाचा आवाज तर निसर्गच करतो, आपण फक्त ऐकायचे.

मला या पद्धतीचे सर्वांत मोठे मोल वाटते ते मागे वळून पाहण्यात. अर्गो तरंगक या शतकातले, ते साधारण २,००० मीटरपर्यंतच उतरतात. भूकंपमापक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून नोंदी करीत आले आहेत. किनाऱ्यावरच्या आणि बेटांवरच्या केंद्रांतील ज्या जुन्या नोंदी अजून कागदावर आहेत, त्या कागद जीर्ण होण्याआधी स्कॅन करून संशोधकांना खुल्या कराव्यात, अशी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी