मिनिटकाट्याला हात लावू नका

सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड
रविवार, 1 नोव्हेंबर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी कामाचं. हॉलमधलं 'माझं' घड्याळ आजपासून एक तास मागे करा. काल रात्री दोन वाजता इथली घड्याळं मागे गेली. उन्हाळाभर आपल्यात आठ तासांचं अंतर होतं, आता मार्चपर्यंत नऊ. मिनिटकाट्याला मात्र हात लावू नका, तो तुमचा-माझा एकच. पत्र टपालात टाकणारच आहे, पण ते पोचेपर्यंत तुळशीचं लग्न उरकेल, म्हणून या पानांचा फोटो व्हॉट्सॲपवरही पाठवतेय.

गेल्या वर्षी हे सांगायला विसरले आणि आई साडेसहापासून फोन मांडीवर घेऊन बसली. मी माझ्या घड्याळाने वेळेवर, साडेदहालाच केला, तुमच्याकडे साडेसात! उचलल्या उचलल्या "बरी आहेस ना गं?" आणि मग दिवा लावायचा राहिला म्हणून बोलणी. आता मी रविवारी साडेनऊलाच करीन, म्हणजे तुमचे साडेसहा कायम.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, हा अर्धा तास कसला? न्यूफाउंडलंड 1949 पर्यंत कॅनडात नव्हतंच. घड्याळ त्यांनी आपल्या सूर्यावर लावलेलं, ग्रिनिचच्या साडेतीन तास मागे. आपण साडेपाच तास पुढे. दोन अर्धे मिळून पूर्ण नऊ! टोरांटोची माझी मैत्रीण घरी फोन करताना साडेदहा तासांचा हिशेब करत बसते. 1963 साली इथल्या सरकारने हा अर्धा तास काढून टाकायचा घाट घातला, तर लोकांनी असा गोंधळ केला की बेत गुंडाळावा लागला. मला हे लोक तेव्हाच आवडले.

खरं तर घड्याळ यांचंच सच्चं. आपलं मिर्झापूरच्या सूर्यावर चालतं, आणि रत्नागिरी त्याच्या नऊ अंश पश्चिमेला. म्हणजे मांडवीवर सूर्य सरासरी सदतीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. आई बाराला जेवायला हाक मारते तेव्हा "अजून भूक नाही" म्हणता ना, त्याला हे कारण सांगून बघा.

आई, मासळीचं. इथे नुसतं 'फिश' म्हटलं की कॉड. नावं बाकीच्यांना. मिरकरवाड्याला नुसतं "मासे द्या" म्हटलं तर ती बाई कशी बघेल! तिरफळं घालून तुझ्यासारखं तिखलं केलं, पण कॉडचे पापुद्रे सुटतात. एकदा डाव फिरवला आणि पातेल्यात नुसता रस्सा. कॉडच्या जिभा मात्र पिठात घोळवून तळतात, त्या झकास लागतात. (बाबांना सांगू नकोस.)

शेजारचे आजोबा तरुणपणापासून होडीवर. कॉड संपत आला म्हणून 2 जुलै 1992 ला सरकारने बंदी घातली आणि तीसेक हजार लोकांची रोजी गेली, त्यात हेही. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी उठायला 2024 उजाडलं. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै होड्या वर काढतात, 61 दिवस, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी बोटांवर दोन महिने मोजले आणि विचारलं, "आणि मासे परत येतात?" मी हो म्हणून टाकलं. नंतर, बाबा, तुमचं ते "बांगडा पूर्वीसारखा राहिला नाही" आठवत राहिलं.

थंडी अजून बेताची आहे. धुकं आहेच. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेआठ तासांचा होईल.

आता साडेचार वाजलेत आणि मी दिवा लावलाय. तुमच्याकडे रात्रीचा दीड. आई, पाणी प्यायला उठलीस तर आत्ताच फोन उघडून बसू नकोस, सकाळी चष्मा लावून वाच. निळ्या खुणा दिसतात मला.

तुमची लेक